लग्नासाठी राखलेलं पाणी

माझी आई कुशाबाई तोंडाची तिखट, घाटघरात कुणालाबी विचारा. तिचा सगळा राग फिरायला येणाऱ्या गाड्यांवर. रविवार आला की नाणेघाटाकडं शहरातली कुटुंबं येणार, सतरंज्या टाकणार, पोरं बागडणार. बागडा बाबांनो, डोंगर काय आमच्या बापाचा न्हाई. पण झऱ्याखालचं आमचं पिण्याच्या पाण्याचं टाकं, त्यात पाय सोडून बसायचं? आमी तिथं चप्पल घालूनसुद्धा जात न्हाई! आई काठी घेऊनच धावायची. "घरच्या माठात पाय घालता का रं, मुडद्यांनो?"

दोन हजार चारच्या मे महिन्यात माझं लग्न ठरलं. आमच्याकडं उन्हाळ्यात लग्न असलं की सगळी वस्ती पाणी राखते. घरटी रोज एक हंडा कमी न्यायचा, म्हणजे टाकं हळूहळू भरतं, अन् मांडवातल्या स्वयंपाकाला, पावण्यांना प्यायला पुरतं. कुणाला सांगावं लागत न्हाई. शेजारच्या म्हाताऱ्या बायडाबाईनं तर माझ्यासाठी अंघोळ सोडली व्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी रविवार. मला हळद लागत व्हती, तेवढ्यात टाक्याकडनं खिदळणं ऐकू आलं. आईनं काठी उचलली. मी हळदीच्या अंगानं तिच्यामागं पळाले.

टाक्यात पोरं डुंबत व्हती. पाण्यावर शांपूचा फेस. आणि मधोमध उघडाबंब उभा राहून पाणी उडवणारा माणूस कोण, तर माझा मामा! आईचा सख्खा भाऊ. पिंपरीला कंपनीत कामाला. लग्नाला म्हणून आलेला, अन् घरी यायच्या आधी पोरांची पिकनिक चाललेली.

"ताई, यंदा लई पाणी हाय की तुमच्याकडं!" तो हसत म्हणाला. "भर उन्हाळ्यात टाकं काठोकाठ!"

"मेल्या, माझ्या पोरीच्या लग्नाचं पाणी व्हतं ते!" आई किंचाळली. "आख्ख्या वस्तीनं तहान मारून राखलेलं. माझ्या लग्नात आपल्या गावानं असंच राखलं व्हतं ना रं? इसरलास?"

मामाचं तोंड उतरलं. "टँकर मागवतो, ताई."

"मागव. अन् त्यातबी पोरं बुचकळ."

टँकर काय आला न्हाई. शेजारचा सावळाराम बैलगाडीत पिंपं घालून धरणाचं गढूळ पाणी आणत राहिला. वस्तीतल्या बायका ते लुगड्यानं गाळत, उकळत बसल्या. माझ्या हळदीची गाणी म्हणायला कुणी मोकळंच नव्हतं. मलाबी राग आलेला, लई राग.

दुसऱ्या दिवशी मुहूर्ताला भटजींनी हाळी दिली, "मामा, मुलीला घेऊन या!" मामा नवा फेटा बांधून पुढं आला. मी त्याची लाडकी. त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलेल्या. वाटलं, चला, मिटलं एकदाचं.

आई आडवी आली. "सावळारामभाऊ," तिनं हाक मारली, "पोरीला तुमी आणा."

मामी रडायला लागली. लोक अजून म्हणतात, चारचौघांत सख्ख्या भावाचा असा पाणउतारा करू नये. का नये? वस्तीनं घसा कोरडा ठेवायचा अन् त्यानं मान मिरवायचा?

सावळाराम लाजत पुढं आला. धोतराला कालचाच चिखल. मी त्याचा हात धरला आणि मामाकडं न बघता बोहल्याकडं निघाले.