गाणारा उभा असताना

मिनास मास्तरांनी अकरा वर्षं लीरेला, गजाने वाजवायच्या आमच्या तीन तारांच्या वाद्याला, हात लावला नव्हता. बुटांच्या दुकानात खिळ्याला ती टांगलेली असायची, तोंड भिंतीकडे करून. कोणी म्हणालंच, "मास्तर, वाजवा की," तर कामातून मान वर न काढता म्हणायचे, "चोर सापडू दे आधी."

चोर कोण, हे ग्रीसमधल्या कार्पाथोस बेटावरच्या आमच्या डोंगरात शेळ्यांनाही ठाऊक होतं. लेफ्तेरिस, मास्तरांचा सगळ्यात लाडका शिष्य.

मास्तर बूट शिवून पोट भरायचे आणि लीरा फुकट शिकवायचे. पहिलं वर्षभर मात्र वाद्य हातात देत नसत. चाल आधी गळ्यात बसली पाहिजे, मग पायांत. टाके घालता घालता ऐकायचे आणि चूक झाली की बाकावर हातोडी आपटायचे. तीस वर्षं मी त्यांना लाऊतोवर, लांब मानेच्या तंतुवाद्यावर, साथ केली, ती हातोडी मीही खूप ऐकली. लेफ्तेरिससाठी ती क्वचितच वाजली. म्हणून तर मास्तरांनी त्याला आपल्या बापाची चाल दिली, आणि बापाचा तीन घुंगरांचा गजही दिला.

आमच्याकडे चाल घराण्याची असते. वाजवण्याआधी नाव घ्यायचं, ही अमक्याची म्हणून. ही अँटिमोस मेंढपाळाची, मास्तरांच्या बापाची. त्याने मागे घर ठेवलं नाही की शेत, एवढी चाल ठेवली. लेफ्तेरिसने पिरियस बंदराला, मोठ्या शहरात जाऊन तिची तबकडी काढली आणि वर छापलं, 'चाल : लेफ्तेरिस'. कॉफीच्या दुकानात मास्तरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. माझंही रक्त उकळलं, खोटं कशाला बोलू?

अकराव्या वर्षी ऑगस्टात, मरियमच्या सणाला, सरपंचाने त्याच लेफ्तेरिसला वाजवायला बोलावलं. प्रार्थना आटोपली, बकऱ्याचं जेवण झालं, आणि स्वारी टेबलावरच्या खुर्चीत चढून बसली. शेजारी साथीला मी. मुद्दामच हो म्हटलं होतं.

त्याने ती चाल सुरू केली. नाव घेतलं नाही. मास्तर उठून टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांनी कवन टाकलं :

"बाप माझा मेंढरांमागे रानोमाळ फिरला,
पिरियसच्या तबकडीत त्याचा सूर चोराने भरला."

लेफ्तेरिस पांढराफटक पडला. पण गाणारा उभा असताना गज खाली ठेवायचा नसतो. जो ठेवतो, त्याला या गावात पुन्हा गज उचलता येत नाही. मास्तर थांबले की त्यांची बहीण उभी राही, मग न्हावी, मग पाद्रीसुद्धा. प्रत्येकाच्या दोन ओळी, प्रत्येकात अँटिमोसचं नाव. दुपार टळली. लेफ्तेरिसच्या बोटांची सालं निघाली.

"काका, जरा लय उतरवा ना," तो पुटपुटला.

"का रे? तुझीच चाल ना?" म्हटलं, आणि लय आणखी चढवली. फार बरं वाटलं मला.

सूर्य समुद्राला टेकला तेव्हा त्याचा स्वतःचा आवाज फुटला :

"सूर अँटिमोसबाबांचा, हात तेवढा माझा,
चोर बसलाय टेबलावर, खाली उभा राजा."

मास्तरांनी त्याच्या हातून गज घेतला, खिशातली चामडं कापायची सुरी काढली, तिन्ही घुंगरं कापून घेतली आणि बोडका गज त्याच्या मांडीवर टाकला.

"आता जा. वाजव कुठंही."

दुकानाकडे परतताना मी विचारलं, "मास्तर, पडली ना थंडक काळजाला?"

"पाच तास वाट बघितली रे, एका चुकीची. चालीच्या तिसऱ्या वळणाला सगळेच घसरतात. हा नाही घसरला हरामखोर."

दुकानात शिरताच त्यांनी लीरा खिळ्यावरून काढली, तारा जुळवल्या, आपल्या जुन्या गजाला ती घुंगरं बांधली आणि मोठ्याने म्हणाले, "ही अँटिमोसची." मग वाजवायला लागले. तिसऱ्या वळणाला बोटं अडखळली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच. मी मान खाली घालून तारा छेडत राहिलो.

मास्तरांनी गज खाली ठेवला, हातोडी उचलली आणि बाकावर आपटली.