वच्छलाबाईंना सांगितलेलं खोटं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता सांगायला बसलेय, पण मध्ये अडखळेन —

अकोल्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी शिकवते. नव्या औषधाची चाचणी माणसांवर घेताना त्यांच्याशी कसं वागायचं, हा माझा विषय. त्या तासाला दरवर्षी वच्छलाबाईंची गोष्ट सांगते. तिवशाजवळ झेंडू लावायच्या, अमरावतीत आणून विकायच्या. मुलं पेन खाली ठेवून ऐकतात. का नाही ऐकणार? अशी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

अमरावतीच्या एका दवाखान्यात शुगरच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. वच्छलाबाईंनी संमतीच्या कागदावर अंगठा दिला होता. दोन आठवड्यांनी त्या आल्या. "मले हे गोळी नाई घ्याची आता. चक्कर येऊन राहिली."

डॉक्टर म्हणाला, मध्येच सोडलं तर इथला तुमचा सगळाच इलाज बंद होईल.

हे धडधडीत खोटं होतं. चाचणीतून कोणीही, कधीही बाहेर पडू शकतं, इलाज बंद होत नाही — आमच्या विषयाचा हा पहिला धडा. पण वच्छलाबाई गोळ्या घेऊन गेल्या. महिन्याभरात चक्कर येऊन झेंडूच्या वाफ्यात पडल्या. मनगट मोडलं.

इथं मुलं त्या डॉक्टरवर चिडतात. मीही त्यांच्याबरोबर चिडते. "होता एक," म्हणते. होता! — क्रियापदसुद्धा बदलून टाकते मी.

ती मी होते.

का केलं? यादीतलं एक नाव कमी होऊ नये म्हणून, एवढंच. मला वरून कोणी तसं सांगितलं नव्हतं. वाक्य माझंच होतं. आणि आवाज — आवाज किती मऊ ठेवला होता मी!

प्लास्टर घातलेल्या हातानं वच्छलाबाई परत आल्या. दुसऱ्या हातात तो कागद. सुनेकडून वाचून घेतला होता.

"मॅडम, याच्यावर तं लिहेल हाय, कधीबी सोडता येते, इलाज चालूच राह्यते. मंग तुमी मले तसं कावून सांगतलं?"

ओरडल्या नाहीत. उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. आणि मी? मी रजिस्टर चाळत बसले.

मग त्या बाहेर गेल्या. बाकावर त्याच चाचणीतल्या पाच बाया बसल्या होत्या. दारातून मला ऐकू येत होतं, "बायांनो, सोडाची असन तं सोडा, घ्याची असन तं घ्या. पन आपल्या मर्जीनं. इलाज काई बंद होत नाई."

दोघी उठल्या. तिघी राहिल्या. त्या चाचणीत मी घेतलेल्या संमत्यांपैकी खऱ्या कितीशा होत्या? या तीन मात्र खऱ्या होत्या, आणि त्या वच्छलाबाईंनी घेतल्या होत्या. चिडून नाही, दुखरा हात छातीशी धरून, समजावून. मुलांना जे जे शिकवते, ते मी त्या बाकापाशी शिकले.

त्यांची माफी मी मागितली नाही.

परवा तास संपल्यावर दर्यापूरची एक विद्यार्थिनी दारापाशी थांबली. "मॅडम, त्या डॉक्टरचं पुढे काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

माहीत होतं. काहीही झालं नाही. तिला हा विषय शिकवायला दिला.