शिडाचं पोट

शीड फाटलं त्या दुपारी मी संडासाचा पंप उघडून बसले होते. होडीवरचा संडास हाताने दांडा मारून चालवायचा असतो. खाऱ्या पाण्याने त्याच्या नळ्यांत दगडासारखा थर साचतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो खरवडून काढावा लागतो. ते काम माझ्याकडे, इंजिन नवऱ्याकडे, अशी आमची वाटणी होती. या वाटणीत आपण फसलोय हे कळायला मला एक वर्ष लागलं.

नवरा मूळचा पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी म्हैसूरला आलेला. मी म्हैसूरचीच, शिंप्याच्या घरातली. जयलक्ष्मीपुरममध्ये आमचं चांगलं तीन खोल्यांचं घर होतं, अंगणात चिक्कू होता. नोकरी सोडल्यावर त्याने एक जुनी बत्तीस फुटी शिडाची होडी घेतली. मग घर भाड्याने दिलं आणि आम्ही कारवारजवळच्या एका खाडीत होडीवर राहायला गेलो. 'एखादं वर्ष राहून बघू' म्हणाला होता. हे तिसरं वर्ष.

त्या दिवशी आम्ही गोव्याहून आमच्या खाडीकडे परतत होतो. वारा मंद होता, म्हणूनच मी पंप काढला होता. मग वारा वाढला. वारा वाढला की मोठं शीड थोडं खाली ओढून, गुंडाळून लहान करायचं असतं. मी खालून ओरडले, "लहान करूया का आता?"

"जरा थांब," नवरा म्हणाला.

हे 'जरा थांब' मी लग्नापासून ऐकतेय. दहा मिनिटांत होडी एवढी कलली की पंपाचे सगळे वॉशर घरंगळत पलंगाखाली गेले. मी तशीच घाण हातांनी वर आले, सुकाणू धरलं आणि होडीचं तोंड वाऱ्यात वळवलं. तो डोलकाठीपाशी जाऊन शीड उतरवायला लागला. निम्मं उतरलं आणि अडकलं. शीड डोलकाठीच्या खाचेत ज्या कड्यांवर सरकतं, त्यातली एक वाकली होती. नवरा शिडाला लोंबकळून ओढतोय, शीड फडफडतंय, मी सुकाणू धरून ओरडतेय. शेवटी टर्र करून आवाज आला आणि या काठापासून त्या काठापर्यंत शिवण उसवली.

इंजिन लावून खाडीत आलो, नांगर टाकला. नवऱ्याने शीड डेकवर पसरून पाहिलं.

"कापड ठीक आहे. उन्हाने दोरा कुजलाय," तो म्हणाला.

"दोरा कुजेपर्यंत कुणी बघितलं नाही?"

"तू तरी कुठे बघितलंस?"

शीड शिवणारे लोक लांब, आणि त्यांच्याकडे दीड-दोन महिन्यांची रांग. मग मीच बोलले आणि अडकले : "अण्णांकडे नेऊ का?"

अण्णा म्हणजे माझे वडील. ब्याऐंशी वर्षांचे. साठ वर्षं म्हैसूरला घराच्या पुढच्या खोलीत कपडे शिवतायत. होडी एकटी सोडता येत नाही, म्हणून नवरा तिथेच राहिला आणि शिडाची वळकटी घेऊन मी एकटी बसने निघाले. कंडक्टरने विचारलं, शामियाना आहे का. मी हो म्हटलं. समजावून सांगायचं त्राण नव्हतं.

घरी पोचले तर अण्णा दारातच उभे.

"अय्यो, केवढं हे! लग्नाचा मंडप आणलीस काय?"

"शीड आहे, अण्णा. होडीचं."

"बघूया की. कापूड म्हणजे कापूडच, अल्वा, नाही का?"

घरात ते पसरायला जागाच नव्हती. म्हणून अण्णांनी आमच्या समाजाच्या विठ्ठल मंदिरामागचा हॉल मागून घेतला. एकादशीच्या भजनाआधी रिकामा करायचा या बोलीवर पाच दिवस मिळाले. ओळखीच्या एका सीटकव्हरवाल्याचं जाड कापड शिवायचं मशीनही तिथे आणवलं. मी एक शिवण दाखवली. अण्णा गुडघ्याला जुनी उशी बांधून शिडावर रांगले, बोटांनी दोरा चाचपला आणि म्हणाले, "एक नाही, खालच्या चारही शिवणी गेल्यात. सगळ्या नव्याने घालतो. तू जा तुझ्या कामाला."

काम होतंच. जी कडी वाकली होती, तशा सहा नव्या कड्या करून आणायची यादी नवऱ्याने दिली होती. म्हैसूरजवळ नंजनगूडला एक लेथवाला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडून गेले. तो माणूस म्हणाला, अर्ध्या तासात देतो. मी चार तास स्टुलावर बसून राहिले. मध्ये नवऱ्याचा फोन आला, "अगं, ते पंपाचे वॉशर कुठे ठेवलेस?" मी म्हटलं, "पलंगाखाली बघ." तो म्हणाला, "तिथे पाणी साचलंय." मी फोन बंद केला.

संध्याकाळी कड्या घेऊन थेट हॉलवर गेले. अण्णा खुर्चीत बसून कॉफी पीत होते. शीड फरशीवर पसरलेलं होतं, आणि कसं, तर धुऊन इस्त्री केलेल्या चादरीसारखं. कुठे सुरकुती नाही, कुठे फुगवटा नाही.

"बघ," अण्णा म्हणाले, "कोण मूर्खानं शिवलं होतं कोणास ठाऊक! प्रत्येक पट्टीची कड वाकडी. मध्ये सगळं झोळासारखं लोंबत होतं. मी एकेक शिवण सरळ करून टाकलो."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"अण्णा, तो झोळ हवा होता!"

"झोळ कशाला हवा?"

"त्याच्यावरच होडी चालते! तुम्हाला कोणी सांगितलं होतं सरळ करायला? उसवलेलं तेवढं शिवा म्हटलं होतं ना मी? आता हे शीड मांडवाला बांधायच्याच लायकीचं झालं!"

खूप मोठ्याने बोलले. भजनाच्या पेट्या ठेवायला आलेले दोघे जण थांबून बघायला लागले. अण्णांनी कप खाली ठेवला, उशी गुडघ्यावरून सोडली, पायात चपला घातल्या आणि घरी निघून गेले.

मी तिथेच फरशीवर बसले. इतकी थकले होते, की रडूही येत नव्हतं. मला नवऱ्याचा राग होता, वाऱ्याचा होता, त्या लेथवाल्याचा होता, आणि तो सगळा ब्याऐंशी वर्षांच्या माणसावर निघाला होता. नंतर शिवण उलटून पाहिली तेव्हा जरा जीव भांड्यात पडला. अण्णांनी कापडाला कात्री लावली नव्हती. जास्तीची कड नुसती आत मुडपली होती, आणि जुन्या टाक्यांची भोकं तिच्यावर रांगेने स्पष्ट दिसत होती.

घरी गेले तर वहिनीने ताट वाढलं, पण तोंड वळवून म्हणाली, "पाच महिन्यांनी आलीस आणि त्यांना सगळ्यांसमोर बोललीस. दुपारी जेवायला पण आले नाहीत ते, तुझं कापूड पुरं करायचं म्हणून."

सकाळी अण्णा पुढच्या खोलीत आपल्या मशीनला तेल घालत बसले होते. मी शेजारी स्टूल ओढलं. तेलाची बुधली त्यांच्या हातातच होती. मग तेच म्हणाले, "झोळ कशाला लागतो, ते तरी सांग."

वाऱ्याचा दाब वगैरे सांगून बघितलं. नवरा मला सांगतो तसंच सांगितलं, म्हणजे मलाही नीट कळलेलं नसताना. अण्णा मान हलवत राहिले. शेवटी समोर खुंटीला लटकलेल्या ब्लाउजकडे माझं लक्ष गेलं.

"अण्णा, ब्लाउजला टक्स का घालता?"

"आत अंग असतंय म्हणून. सपाट शिवलं तर बसतंय का?"

"तसंच. शिडाच्या आत वारा बसतो. त्याला पोट लागतं. त्या वाकड्या कडा म्हणजे टक्स."

अण्णांनी बुधली बाजूला ठेवली. माझ्याकडे बघितलं, आणि आता चिडायची पाळी त्यांची होती.

"मग हे आधी सांगायचं नाही? शिंप्याकडं नुसतं कापूड टाकतात काय? अंग कोणाचं, माप काय, काही सांगायला नको? साठ वर्षांत असलं गिऱ्हाईक नाही बघितलो मी!"

त्यांचं बरोबर होतं. मी तसं म्हटलं. "साकु, साकु," ते म्हणाले, म्हणजे पुरे झालं, आणि टोपी घालून हॉलकडे निघाले.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघांनी चारही शिवणी उसवल्या. त्यांनी इतक्या मजबूत टिपा घातल्या होत्या की ब्लेडची तीन पाकिटं संपली. माझ्या बोटांना फोड आले. अण्णा प्रत्येक टाक्याला पुटपुटत होते, "एवढं चांगलं शिवलो होतो, सुम्ने, उगीचच." मग मी शिडाची वळकटी खांद्यावर तोलून मशीनमागे उभी राहायची आणि ते जुन्या भोकांवरून, चष्मा नाकाच्या टोकावर, एकेक इंच कापड सुईखाली सारायचे. जरा ओढ जास्त झाली की "हळू गं, म्हशीला ओढतीस काय?" एकदा दोघं एकदमच भांडायला लागलो आणि एकदमच हसायला लागलो. एकादशीच्या सकाळी शेवटची टीप पडली, आणि भजनाच्या बायका टाळ घेऊन दारात उभ्या असताना आम्ही शीड गुंडाळून बाहेर काढलं. निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "चालतंय का नाही, कळवशील ना?"

होडीवर आले तेव्हा नवरा गुडघाभर सामानात बसलेला होता. पंप तसाच उघडा. आधी कड्या बसवल्या, मग दुसऱ्या दिवशी सकाळी शीड चढवलं आणि खाडीच्या तोंडाशी गेलो. वारा भरला. शिडाला हवं तसं गोल पोट आलं आणि होडी एका बाजूला कलून चालायला लागली. नवरा म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं, दोराच खराब होता?" मी एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढला आणि अण्णांना पाठवला.

दुपारी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता कौतुक करतील.

"बघितलो," ते म्हणाले. "खालच्या कोपऱ्यात सळ पडलीय. दिसली नाही तुला?"

मी शिडाकडे बघितलं. खरंच पडली होती.