चार बोटं स्पंज

माझे मामा गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांच्या स्वतःच्या दुकानात बसायला एक धड खुर्ची नाही. यावरून मामीचा टोमणा ठरलेला, "जगाच्या बुडाखाली गादी आणि घरच्यांना स्टूल!" मामा हसतात, नव्या सीटवर मूठ टेकवतात आणि दाबतात. चार बोटं आत गेली की काम पसंत. तीनच गेली तर टाके उसवून स्पंजाचा आणखी एक थर. चाळीस वर्षं त्यांची हीच परीक्षा.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी ताई. तिची लेक अडीच वर्षांची झाली तेव्हा ताईने तिच्यासाठी गाडीत बसवायची खुर्ची आणली. या लेकीला आम्ही सगळे ठकी म्हणतो. ठकीचं वजन, उंची, गाडीतल्या पट्ट्याची जागा, सगळं जुळवून महिनाभराने ताईने ती निवडली होती. मामांनी खुर्चीवर मूठ टेकवली. जेमतेम एक बोट.

"ही खुर्ची आहे की पाट?"

"बाबा, ती अशीच असते."

"पट्टे काचतायत पोरीला."

"टोचतं!" ठकीने लगेच आबांची, म्हणजे मामांची, बाजू घेतली. तोवर तिची काही तक्रार नव्हती.

ताईने पुस्तिका उघडून दाखवली. खुर्चीबरोबर आलेलं सोडून दुसरं काहीही मुलाच्या पाठीमागे किंवा पट्ट्याखाली घालू नये, असं ठळक छापलं होतं.

"पुस्तिका लिहिणाऱ्याने कधी सुई धरलीय का हातात?" मामा म्हणाले. विषय तिथेच संपला.

मामांनी खुर्चीसाठी शिवलेली गादी सुरेख झाली. पिवळं कापड, कडेने दुहेरी शिलाई, पट्टे ओवायला काजं. ती घातल्यावर पट्टे पुरेनात, तेव्हा मामांनीच ते लांब करून दिले. ठकी बसली आणि दोन मिनिटांत झोपली. ताईने पट्टा ओढून पाहिला. तो घट्ट वाटला, आणि तो झोपलेला चेहरा बघून तिनेही गादी राहू दिली.

आठवड्याभराने जावयाच्या गाडीपुढे एक स्कूटर आडवी आली. त्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी कुठेच आदळली नाही, पुढे बसलेल्यांना साधं खरचटलंही नाही. ठकी मात्र पट्ट्यांतून निसटून पुढच्या सीटवर आपटली. गळ्याजवळचं हाड मोडलं, हनुवटीला पाच टाके पडले.

दवाखान्यात सिस्टरनी गाडीतली खुर्ची वर मागवली. मामांना वाटलं, खुर्चीतला दोष आता सापडणार.

"ही गादी खुर्चीबरोबर आली होती?"

"नाही. मी शिवलीय."

"छान शिवलीय," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी पट्टे लावले आणि त्यांच्या खाली गादीवर मूठ टेकवून दाबली. चार बोटं आत गेली. पट्टे वर तसेच राहिले, खाली नुसती पोकळी. "ब्रेक लागला की मूल स्पंज दाबत पुढे येतं. मग पट्टा कुणाला धरणार?"

ताईने गादी काढून मामांच्या हातात ठेवली. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," असं मामा अजून म्हणतात.

ती गादी त्यांनी स्वतः उसवली. शिलाई इतकी पक्की होती की सबंध दुपार लागली.

आता कुणी लहान मुलाच्या खुर्चीला कव्हर शिवून मागितलं की ते नाही म्हणतात.

"अहो, तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही!"

"त्या हातानेच तर घात केला," मामा म्हणतात, आणि स्टूलवरून उठून गिऱ्हाइकाच्या गाडीपाशी जातात. मुलाच्या अंगातलं जाड जाकीट काढायला लावतात. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरायचा प्रयत्न करतात. घडी चिमटीत आली तर पट्टा सैल. खुर्ची बुडाशी धरून हलवतात. बोटभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा आवळून बसवतात. लोकांना ते जरा चक्रम वाटतात.

मागच्या महिन्यात ताईला दुसरं बाळ झालं. त्या प्रसंगानंतरच्या तीन वर्षांत पहिल्यांदाच तिने फोन करून सांगितलं, "बाबा, बाळाची खुर्ची बसवायला या."

मामा चष्मा घेऊन गेले. अख्खी पुस्तिका वाचली, दोनदा. बाळाचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी खुर्ची बसवली, गुडघा रोवून गाडीचा पट्टा आवळला, हलवून पाहिली. जागची हलली नाही. मग ते बाजूला झाले. ताई वाकली आणि तिने प्रत्येक पट्टा स्वतः पुन्हा ओढून पाहिला. मामा हात मागे बांधून उभे होते.

"बघ, बघ," ते म्हणाले. "नीट बघ."

"आबा, माझापण!" पलीकडच्या खुर्चीतून ठकी ओरडली. पट्टा लावून घ्यायला तिने मान वर केली. हनुवटीखालची पांढरी रेघ दिसली. पाच टाके, सारख्या अंतरावरचे, बारीक. मामांची नजर तिथे थांबली. मग त्यांनी पट्टे लावले आणि तिच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहिला. घडी आली नाही. त्यांनी पुन्हा पाहिला.