नानांची फिरायला जाणारी घड्याळं

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, मेहरूण तलावाच्या काठाने रोज पहाटे जो इसम दोन्ही हात परेडमधल्या शिपायासारखे हलवत जात असे, तो वेडा नव्हता. तो घड्याळांना खाऊ घालत होता. हा खुलासा करायला तीस वर्षं उशीर झाला आणि नानाही आता नाहीत. पण नोंद झालेली बरी.

नाना जळगावच्या एका डाळमिलमध्ये फिटर होते. मूळचे शिरपूरकडचे, आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारे. त्यांच्याकडे आठ जुनी जपानी ऑटोमॅटिक घड्याळं होती. ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. दोन दिवस पडून राहिली की थांबतात. म्हणून नाना दोन्ही मनगटांवर दोन-दोन अशी आज चार बांधत, उद्या उरलेली चार, आणि त्यांना तलावावर फिरवून आणत. त्यांची बायको, अक्का, दारातूनच सगळ्या गल्लीला ऐकवत, "चार-चार घड्याळं बांधतस, पन जेवाले येळवर येतस नही."

नानांचं लाडकं होतं निळ्या तबकडीचं. एकदा त्यांनी ते मागून उघडून दाखवलं. आत अर्धचंद्रासारखं वजन. हात हलला की ते झुलतं, आणि त्याला जोडलेली दोन नखांची बारीक पट्टी चावी भरते. एक नख ओढतं, दुसरं ढकलतं. "इकडे हाल, तिकडे हाल, काहीच वाया जात नही," नाना म्हणाले, अशा ऐटीत की ती पट्टी जणू त्यांनीच घासून बसवली होती. या घड्याळाला हाताने चावी देण्याची सोयच नव्हती. बाजूच्या बटणाने फक्त काटे फिरत.

मग सगळ्यांच्या मनगटावर सेलची घड्याळं आली. निवृत्तीच्या समारंभात मालकांनी नानांना तसलंच एक सोनेरी घड्याळ दिलं. नानांनी ते कानाला लावलं, डबीत ठेवलं आणि परत केलं.

"ज्याले मना हातनी गरज नही, त्याले मी काबरं बांधू?"

मालक कसंनुसं हसले. बाकीचे चहाच्या कपात बघत बसले.

पुढच्याच वर्षी नानांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. डॉक्टर तपासून म्हणाले, "या हाताची आशा धरू नका." त्यांची स्कूटर गल्लीबाहेर गेली नसेल, तोच नानांनी वाकड्या तोंडाने मला हुकूम सोडला, "निळं आण. डावा हातले बांध."

"मेलेल्या हातले दागिना," अक्का म्हणाल्या.

"मेला का नही, ते घड्याळ सांगी. डॉक्टर नही."

वर नियमही काढला. कूस बदलताना अक्कांनी हात उचलायच्या आधी घड्याळ सोडायचं, नंतर पुन्हा बांधायचं. "लबाडी नको." अक्का चडफडत, पण नियम पाळत. मी रोज दुपारी जाऊन बघे. काटे थांबलेले. पंधरा दिवस, वीस दिवस. नाना मात्र छताकडे बघत, दात आवळून, घामाघूम होईपर्यंत काहीतरी करत असत. आम्हाला दिसत काहीच नसे.

एका दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. सहज बघितलं, तर सेकंदकाटा चालत होता. मी अक्कांना हाक मारली. त्या पिठाचे हात घेऊन आल्या, वाकल्या आणि माझ्याकडे संशयाने बघू लागल्या.

"तू हलावं का?"

"नाही अक्का, मी हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात गादीवर मनगट हललं. बोटभर. थांबलं. पुन्हा हललं. नानांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानात चालला होता, आणि ते बायकोकडे असे बघत होते, जणू मालकाची डबी आत्ताच परत करून आलेत.

अक्कांनी पिठाच्याच हाताने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "भाऊ, कपाटमाईन आखो एक घड्याळ काढ. हाऊ हात रिकामा दिखस."