पुरे

माझं बंगाली ऐकलं की बायको कपाळाला हात लावायची आणि तिथल्या तिथे दुरुस्त करायची. ती इथलीच; आजोबांपासून त्यांचं घर कोलकात्यात, बेहालाला. मराठी घरात, उंबऱ्याबाहेर सगळं बंगाली. मी नोकरीसाठी नागपूरहून आलेला, इंजिनिअरिंगच्या पोरांना रोबोट शिकवणारा मास्तर. बाजारात मी तोंड उघडलं की ही कोपर मारायची, "अहो, तुम्ही गप्प बसा. तुम्ही बोललात की मासळीचा भाव वाढतो."

मग तिचे हात गेले. एकेक स्नायू निकामी करणारा आजार, औषध नाही. आधी केस विंचरता येईनात, मग पेला उचलेना. डोकं मात्र लख्ख आणि जीभ त्याहून तिखट. मी घास पुढे केला की तोंड फिरवायची. "मी काय कुकुलं बाळ आहे? माझं मी खाईन, नाहीतर राहीन उपाशी."

म्हटलं, ठीक आहे, हात करून देतो. जन्मभर दुसरं केलं काय मी? प्रयोगशाळेतली बाकीची कामं गेली खड्ड्यात. तिचे ओठ, हनुवटी, गाल बिंदू-बिंदूने मोजून मी संगणकावर तिचा चेहरा उभा केला. तोंड किती उघडतं, चमच्याने कुठल्या वाटेने यायचं, ते सगळं त्यावरून ठरायचं. शिवाय ओठांजवळ आल्यावर चमच्याने हळू व्हायला हवं, धसकन पुढे जाता कामा नये. आणि वरणभातासारखा हरामखोर पदार्थ नाही. पातळ असला तर सांडतो, घट्ट असला तर चमचा सोडत नाही. नाकी नऊ आणले त्याने.

हात तिच्या आवाजावर चालायचा होता. तिने तीन शब्द रेकॉर्ड करून दिले: 'ये', 'थांब', 'पुरे'. कुठल्या शब्दाला हाताने काय करायचं, ते जोडायचं काम मी माझ्या एका विद्यार्थिनीकडे दिलं. बंगाली मुलगी, रोज सियालदहच्या गाडीने यायची, कामाला वाघीण.

पहिल्या दिवशी तिला प्रयोगशाळेत नेलं, सोबत दहीभात. बायकोने दोन चमचे स्वतःच्या हुकमावर खाल्ले. कोणी भरवलं नाही, कोणी तोंड पुसलं नाही. माझे डोळे भरून आले, त्यात लपवायचं काय? मग ती म्हणाली, "पुरे."

हात वाटीत गेला आणि आणखी एक चमचा घेऊन आला.

"अहो, पुरे!" पुन्हा एक. "पुरे, पुरे, पुरे रे मेल्या!" दही नाकाला लागलं. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि त्या पोरीवर कडाडलो. ती बिचारी रडकुंडीला आली. बंगालीत 'पुरे' म्हणजे आत भरून, कोंबून. 'मुखे पुरे दाओ', तोंडात घाल. अर्थ इतका सरळ, की तिला विचारावंसंसुद्धा वाटलं नव्हतं.

बायको हसत सुटली. खुर्चीतून घसरेल की काय असं वाटण्याइतकी हसली. "तिला कशाला ओरडता? या एका शब्दापायी बंगाल्यांनी जन्मभर मला जास्तीचं वाढलंय!"

चूक त्याच दुपारी दुरुस्त झाली. घरात मात्र तो शब्द राहिला. मी वाद घालायला लागलो की ती म्हणायची, "पुरे. मराठीतलं हं."

हात घरी आणला. पूजेच्या दिवसांत ती त्याच्याकडून पायेस, म्हणजे तांदळाची खीरसुद्धा खायची, ऐटीत. आणि मग तिचा गळा गेला. गिळताना ठसका लागला की जीव कासावीस व्हायचा. मी चमचा लहान केला, वेग कमी केला, भाताची पेज केली. हात माझा बिनचूक होता हो! ओठांपाशी अलगद थांबायचा. ओठांच्या आत मात्र माझं काही चालत नव्हतं.

डॉक्टर वयस्कर, फार सज्जन बंगाली माणूस. म्हणाले, पोटातून नळी घालू, काही महिने मिळतील, पण त्यांची इच्छा हवी. तोवर तिचं बोलणं जवळजवळ संपलं होतं, मानही हलत नव्हती. एखादा शब्द जेमतेम निघायचा. ते वाकले आणि त्यांनी तिला बंगालीत विचारलं. मी मनात म्हणत होतो, हो म्हण. हो म्हण गं बाई.

ती म्हणाली, "पुरे."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "पुरे दिते बोलछेन तो?" घालायला सांगतायत ना, असं त्यांनी मला विचारलं.

तिला काय बंगाली येत नव्हतं? 'आर ना', आता नको, हे म्हणणं उलट सोपं होतं. त्याला ओठ मिटावे लागत नाहीत. 'पु'साठी मिटावे लागतात. ते ओठ मी मोजले होते, त्याला किती कष्ट पडतात ते मला ठाऊक होतं. तरी तिने तोच शब्द काढला, आणि बघत होती ती माझ्याकडे. त्या खोलीत मराठी कळणारा मी एकटा. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ती राहिली असती. मला ती हवी होती. नळीवर, मुकी, माझ्यावर चिडलेली, कशीही हवी होती.

"ना," मी म्हणालो. "उनी बोलछेन, आर ना."

पहिल्यांदाच तिने माझं बंगाली दुरुस्त केलं नाही.