दोन वायरींचा थर्मोस्टॅट

हे गेले त्यानंतर मुलाने मला एक हिवाळा दिला. एडमंटनच्या घरात एकटीने राहून दाखवायचं. काही बिघडलं नाही तर पुढेही राहायचं, बिघडलं तर घर विकायला काढायचं आणि मिल्टनला त्याच्याकडे जायचं. दिवाळीला आला होता तेव्हा दारात बूट घालता घालता त्याने हे सांगितलं आणि मी हो म्हटलं. मिल्टनला माझी खोली तयार आहे. चांगली आहे. खिडकीतून शेजाऱ्याचं गॅरेज दिसतं. सून वाईट नाही, नातवंडं इंग्रजीत का होईना पण बोलतात. मला जायचं नव्हतं, एवढंच. हॉस्पिटलच्या लाँड्रीत आठ तास उभी राहून मी ह्या घरात यायची आणि इथे काय करायचं ते मला कोणी सांगायचं नाही. ते मला सोडायचं नव्हतं.

जानेवारीत शाकंभरी नवरात्र आलं. आमच्या सासरी ते पौष अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंत असतं. घट बसवायचा, अखंड दिवा लावायचा. घट उठेपर्यंत जागेवरून हलवायचा नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. मी फार देवदेव करणारी बाई नाही, पण सासूने हातात दिलं ते टाकलंही नाही. इतकी वर्षं घट बेसमेंटमध्ये बसायचा. ह्या वर्षी माझे गुडघे तो जिना उतरायला तयार नव्हते, म्हणून मी देवीला वर आणलं. हॉलमध्ये बाहेरची थंडी न लागणारी एकच भिंत आहे. तिला टेकवून उंच टेबल ठेवलं, त्यावर घट मांडला, आणि हीटरच्या वाऱ्याने दिवा विझू नये म्हणून त्यावर कंदिलाची काच घातली.

मंगळवारी घट बसला. बुधवारी सकाळी उठले तर घर गार. फ्रिजला चिकटवलेलं छोटं थर्मामीटर सतरा दाखवत होतं. बाहेर उणे तेहेतीस. घर तापवणारी फर्नेस मेली नव्हती. मधूनच घरघरायची, थोडी गरम हवा सोडायची आणि गप्प व्हायची. फर्नेस कधी लावायची, कधी बंद करायची हे भिंतीवरचा जुना थर्मोस्टॅट ठरवतो, त्याचं चाक मी शेवटपर्यंत फिरवलं. त्याची काच पिवळी पडून आत काही वाचता येत नव्हतं, मी ते नेहमी अंदाजानेच फिरवायची. काही फरक पडला नाही.

दुपारी मुलाने व्हिडिओ कॉल केला. मी कोट घालून बसले होते.

"आई, घरात कोट?"

"आत्ताच बाहेरून आले."

"उणे तेहेतीसमध्ये कुठे गेली होतीस?"

"कचरा टाकायला."

"कचरा सोमवारी असतो तुमच्याकडे."

पोराला माझ्या कचऱ्याचा वार मिल्टनमध्ये बसून पाठ. मग सांगावं लागलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "टेक्निशियनला बोलव. शुक्रवारपर्यंत घर गरम झालं नाही तर शनिवारचं तिकीट काढतो. पाणी गोठून पाइप फुटले तर घराची काय अवस्था होते तुला माहीत आहे." मला माहीत होतं. समोरच्या घरात झालं होतं. तिथल्या बाईच्या स्वयंपाकघरातून पाणी बाहेर येऊन पायऱ्यांवर गोठलं होतं.

टेक्निशियन गुरुवारी आला. बेसमेंटमध्ये गेला, फर्नेसपाशी दोन वायरी एकमेकींना लावून बघितल्या. फर्नेस लगेच जोरात चालू झाली. वर येऊन म्हणाला, फर्नेस ठीक आहे, थर्मोस्टॅट बघू. तो भिंतीकडे निघाला तशी मी आडवी आले. त्याच्या पायात बूट होते आणि थर्मोस्टॅट घटाच्या बरोबर वर. मी म्हटलं, "नो शूज देअर. गॉड." माणूस सभ्य होता. पायपुसण्यावरच थांबला, लांबूनच मान उंच करून बघितलं आणि म्हणाला, फार जुना आहे, बदला. त्याला पुन्हा यायला मंगळवार उजाडणार होता. थंडीत सगळ्या शहराला त्याची गरज होती.

मंगळवारपर्यंत मी मिल्टनला गॅरेज बघत बसले असते. म्हणून मी ठरवलं, आपणच बदलायचा.

ह्यांचे एक मित्र दोन गल्ल्या सोडून राहतात. तेलकंपनीत इंजिनिअर होते, रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झाली. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, थर्मोस्टॅट म्हणजे काय, एक बटण. अर्ध्या तासाचं काम." शुक्रवारी सकाळी गाडी घेऊन आले. घर तेव्हा चौदावर होतं. स्वयंपाकघराच्या नळाची धार करंगळीएवढी झाली होती. पाइप गोठू नये म्हणून मी सिंकखालच्या कपाटाची दारं उघडून ठेवली, नळ थेंब थेंब चालू ठेवला आणि निघाले.

दुकानात थर्मोस्टॅटची एक भिंतच होती. काळे, चकचकीत, फोनसारखे. मुलगा फोनवर होताच.

"आई, वायफायवालाच घे. मला इथून दिसेल."

"काय दिसेल?"

"घराचं टेंपरेचर."

"मला माझ्या घरात थंडी वाजते का, ते तू मिल्टनहून बघणार?"

"हो. तू कचरा टाकायला गेलीस म्हणून सांगतेस, म्हणून."

दुकानातल्या मुलीने विचारलं, भिंतीत वायरी किती आहेत? मी सकाळी जुन्याचं झाकण काढून बघून ठेवलं होतं. दोन. एक लाल, एक पांढरी. ती म्हणाली, मग वायफायवाला चालणार नाही, त्याला तिसरी वायर लागते. तुम्हाला साधा, बॅटरीवरचा लागेल. मी मुलाला म्हटलं, "ऐकलंस? घराचंच म्हणणं आहे, साधा घ्या." तो हसला नाही. "संध्याकाळी पाचला फोन करतो," म्हणाला आणि ठेवून दिला.

साधा म्हणजे खरंच साधा. पांढरी डबी, एक काचेचा चौकोन, वर-खाली अशी दोन बटणं. माझ्यासारख्या चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला पुरे.

घरी आलो तेव्हा एक वाजला होता. भावजींनी दारात बूट काढले, देवीला हात जोडले, चष्मा बदलला आणि कागद वाचायला घेतला. मग स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि मला दिसलं की त्यांचा हात थरथरतोय. थोडा नाही, चांगलाच. त्यांनाही कळलं की मी बघितलंय.

"थंडीने होतंय," ते म्हणाले.

"तुम्ही वाचा. मी करते."

"वहिनी, इलेक्ट्रिकचं काम आहे."

"तुमचे हात बघा आणि माझे बघा."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मला दिला. आधी फर्नेसचा स्विच बंद करा, म्हणाले. तो खाली बेसमेंटमध्ये. मी एकेका पायरीवर बसत उतरले आणि तशीच वर आले. मग टेबलावरून वाकून भिंतीशी काम सुरू केलं. खाली दिवा जळत होता. गार पडलेल्या बोटांना त्याची ऊब लागत होती, ते बरंच वाटत होतं. तीन दिवस मी येता-जाता त्या काचेवर हात शेकून घेत होते.

"आत काचेची नळी आहे ना, ती फोडू नका. पारा आहे," भावजी म्हणाले.

"नाही फोडत."

"वायर सोडताना धरून ठेवा. भिंतीत गेली तर भिंत फोडावी लागेल."

"भावजी, एक काम सांगा. एका वेळी एक."

मी सुटलेल्या दोन्ही वायरी पेन्सिलीला गुंडाळल्या, म्हणजे आत जाणार नाहीत. जुनी भोकं नव्या डबीशी जुळेनात. एक जुळलं, दुसरं हातोडीने प्लॅस्टिकची खुंटी ठोकून केलं. भावजी वाचत होते, "आर ला लाल. डब्ल्यू ला पांढरी." मी स्क्रू आवळले, वायरी ओढून बघितल्या, बॅटऱ्या घातल्या, झाकण दाबलं. खट् आवाज झाला. काचेवर आकडा आला.

चौतीस.

भावजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. माझ्या अंगात दोन स्वेटर, त्यांच्या डोक्यावर टोपी, फ्रिजवर तेरा, आणि भिंतीवर चौतीस.

"खराब पीस दिलाय," भावजी म्हणाले. "बदलून आणू. दुकान सहापर्यंत उघडं आहे."

पाचला फोन येणार होता. अडीच वाजले होते. शनिवार आता लांब नव्हता. मी रागाने डबीवर हात ठेवला, उपटूनच काढणार होते. डबी गरम होती. बाजूची भिंत गरम होती. हात खाली आणला तर आणखी गरम. खाली कंदिलाची काच, तिच्यात दिवा, आणि ती सगळी ऊब सरळ वर डबीत जात होती. मंगळवारपासून.

जुन्याला वाटत होतं घरात उन्हाळा आहे. तो फर्नेस कशाला चालू करेल? सकाळी मी काजळी काढायला वात बारीक करायची, तेवढ्यात तो जागा व्हायचा, फर्नेस लावायचा आणि वात मोठी झाली की पुन्हा बंद करायचा. टेक्निशियनला जवळ जाऊ दिलं असतं तर त्याला एका मिनिटात कळलं असतं. त्याला मीच थांबवलं होतं.

"भावजी, तुम्ही इंजिनिअर ना?"

ते दिव्याकडे बघत होते. "मी नमस्कार केला," म्हणाले. "मी वाकून नमस्कार केला ह्याला."

आता घट हलवायचा की दिवा विझवायचा, दोनच गोष्टी होत्या. पौर्णिमा मंगळवारी.

"मध्येच हलवायचं नसतं, वहिनी. आमची आई तर घटाला धक्कासुद्धा लागू द्यायची नाही."

"तुम्ही कधीपासून भटजी झालात?"

"मी हात लावणार नाही."

"तुम्हाला कोण लावायला सांगतंय? थरथरत्या हातांनी पाडाल. दार धरा."

मला भीती वाटली. सासू ह्या बाबतीत फार कडक होती. एका वर्षी दिवा विझला तेव्हा तिने दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं. मी आधी समईची एक वात त्या दिव्यावर पेटवून घेतली, म्हणजे मोठा दिवा वाटेत गेलाच तरी ज्योत राहील. मग दिवा उचलला आणि जेवणाच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग घट. माती ओली होती, जड होती, कोंब दोन बोटं वर आले होते. ज्योत वाटेत एकदा आडवी झाली. विझली नाही.

मग आम्ही दोघं हॉलमध्ये खुर्च्या टाकून भिंतीकडे बघत बसलो. मी बटण दाबून वीस लावले होते. चौतीस. एकतीस. सव्वीस. बावीस. एकोणीस झाले तेव्हा डबीत टिक् झालं, काचेवर फर्नेस लावल्याची छोटी खूण उमटली. आणि पुढे काही नाही. घर गप्प. आम्ही पाच मिनिटं ऐकत बसलो. भावजींच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला.

"स्विच," मी म्हटलं. "खालचा."

"मी सांगितलंच होतं बंद करायला."

"चालू करायला कोणी सांगायचं?"

ते उठायला लागले. मी म्हटलं, बसा, तुम्ही जिन्यात पडलात तर मला दोन घरी फोन करावे लागतील. मी पुन्हा एकेका पायरीवर बसत खाली गेले. स्विच वर केला. क्षणभर काही नाही, मग फर्नेसच्या आत भक्कन जाळ पेटला. मी तिथेच शेवटच्या पायरीवर बसून राहिले, गुडघे चोळत. वरून भावजी ओरडले, "वहिनी, आली! हवा आली!"

पाचला फोन वाजला तेव्हा फ्रिजवर एकोणीस होतं आणि नळाची धार परत आली होती. मी मुलाला सगळं सांगितलं. भावजींनी त्यांच्या पद्धतीने सांगण्याआधी मी सांगितलेलं बरं.

तो म्हणाला, "म्हणजे तीन दिवस तू दिव्याने घर गार केलंस."

"हो."

"आणि नवरात्रात घट हलवलास?"

"हलवला."

"बाबा असते तर त्यांनी हलवू दिला नसता."

"बाबा असते तर घट बेसमेंटमध्येच असता."

तिथे मी चुकले. तो लगेच म्हणाला, "वर का आणलास मग? आणि फर्नेसचा स्विच बंद करायला खाली कोण गेलं?"

"मी."

"कशी?"

खोटं सुचलं होतं. सांगितलं नाही. "बसत बसत. दोनदा."

पलीकडून नातीचा आवाज येत होता, ग्रॅनी कमिंग टुमॉरो? असं ती विचारत होती. मी फोन कानाला लावून उभी होते. फर्नेस बंद झाली, मग पुन्हा चालू झाली, आपलं आपण.

"तिकीट काढत नाही," तो शेवटी म्हणाला. "पण आई, रोज सकाळी सातला त्या डबीचा फोटो पाठवायचा. आकडा दिसला पाहिजे. आणि जिना उतरायचा असेल तर आधी मला फोन."

"वायफायवालाच झाले की मी."

"हो. कबूल आहे का?"

कबूल आहे, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी मी भिंतीशी जाऊन फोटो काढते. त्यात कधी माझं बोट येतं. एकदा फेब्रुवारीत, काय करतो बघू म्हणून, मुद्दाम पाठवला नाही. सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. आवाज ऐकून कळलं की पोरगं घाबरलंय. त्यानंतर मी तो खेळ केला नाही.